दोष इंजिनाचा की देखभालीचा?


'जुनी इंजिनेच टिकाऊ' हे गेल्या अंकातील पत्र वाचले. बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण मानकाचे) ट्रक सारखे बंद पडतात आणि ॲव्हरेजही देत नाहीत, हे सरसकट विधान पटत नाही. मेकॅनिकल पंपाचे जुने इंजिन हायवेवरचा मिस्त्रीही उघडून चालू करी, हे खरे. पण १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ इंजिनांत कॉमन रेलमुळे डिझेल उच्च दाबाने, मोजून मारले जाते. नायट्रोजन ऑक्साइडचा बंदोबस्त एससीआर यंत्रणा धुराच्या वाटेवर करते, त्यामुळे इंजिन डिझेल वाचेल असे जुळवता येते. या यंत्रणेसाठीच्या डीईएफमध्ये (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड या द्रावणात) युरिया ३२.५ टक्केच हवा. भेसळीचे द्रावण ओतले की नोझल तुंबते आणि गाडीचे पिकअप जाते. पाणी मिसळलेले डिझेल इंजेक्टरची वाट लावते. याला इंजिनाचा दोष कसा म्हणायचा?

ॲव्हरेजची तुलना करायचीच तर एकाच मार्गावर, सारख्याच भाराने, टाकी काठोकाठ भरून करावी. हिशेबात डीईएफचा खर्चही धरावा. सपाटीवर रिकामा धावणारा आणि कसारा घाट भरून चढणारा ट्रक यांची बरोबरी होत नाही. वाहतूकदार बंधूंना विनंती : सीलबंद डीईएफ घ्या, फिल्टर वेळेवर बदला, मगच इंजिनाला नावे ठेवा.

– एक वाहतूकदार, कळंबोली