छिद्रांची किंमत

भांड्यास छिद्र पडलें कीं तें टाकाऊ ठरतें, हा आपला नित्याचा अनुभव. परंतु एक विद्युद्घट असा आहे कीं, त्याच्या इलेक्ट्रोडांस छिद्रें नसतील तर तो निरुपयोगी होय. त्याचें नांव सॉलिड ऑक्साइड इंधन-घट.

त्याच्या मध्यभागीं झिर्कोनियाचा घट्ट पडदा असतो. सुमारें ८०० अंश सेल्सिअस उष्णतेंत त्यांतून ऑक्सिजनचे आयन पार होतात. पलीकडे हायड्रोजनशीं त्यांचा संयोग होऊन पाण्याची वाफ बनते आणि सुटलेले इलेक्ट्रॉन तारेंतून धांवतात. झिर्कोनियांतून आयन, निकेलमधून इलेक्ट्रॉन व छिद्रांतून वायु, या तिघांची जेथें गांठ पडते तेथेंच हें कार्य घडतें.

हीं छिद्रें सुईनें पाडतां येत नाहींत. निकेल ऑक्साइड व झिर्कोनिया यांच्या भुकटींत स्टार्च मिसळतात. कधीं तो तांदळाचाही असतो. त्या लगद्याचा पातळ थर वाळवून सुमारें १४०० अंशांपर्यंत भाजतात. स्टार्च जळून जातो व त्याची जागा रिकामी राहते. वीट पाडणारे मातींत भाताचें तूस मिसळतात, त्यांतील मर्म हेंच. पुढें हायड्रोजनमध्यें तापविलें म्हणजे निकेल ऑक्साइडाचें निकेल होऊन कण आक्रसतात व पोकळी वाढते. छिद्रें कमी पडलीं तर वायु कोंडतो. अति झालीं तर थर ठिसूळ होतो. म्हणून साधारण तिसरा हिस्सा रिकामा राखतात.

इंधन-घटाचें तत्त्व ग्रोव्ह यांनीं १८३९ च्या सुमारास दाखविलें. बाउर व प्राइस यांनीं १९३७ सालीं झिर्कोनियाचा घट चालविला. निकेल-झिर्कोनियाच्या सच्छिद्र इलेक्ट्रोडाचें पेटंट स्पेसिल यांस मिळालें तें १९७० सालीं. तत्त्व समजणें आणि वस्तु साधणें यांत केवढें अंतर!

आमच्या शाळांत मात्र व्याख्या पाठ असणें हीच विद्या ठरते. खल, चाळणी व भट्टी यांस हलकें काम म्हणतात. एकदां एका हुशार मुलानें घटाची आकृति अचूक काढली, पण माती मळण्यास सांगतांच हात मागें घेतला. मीं त्यास पूर्ण गुण दिले. चूक त्याची नव्हे, माझी होती. ती मला अद्याप खुपते. हातकामास वहीइतकेच गुण मिळाले पाहिजेत, असें माझें स्पष्ट मत आहे. ज्याचे हात मळले नाहींत, त्याचें शास्त्र अर्धेंच राहिलें.