गृहविमा आणि परसांतील टांकी

घराचीं कौलें शाकारण्याविषयीं आपण दक्ष असतों; परसांतील सेप्टिक टँकची आठवण मात्र होते ती गणपतीस मुंबईकर मंडळी जमलेली असतां मैलापाणी न्हाणींत उलटतें तेव्हां!

मालवणाकडे बहुतेक घरांची भिस्त या टांकीवरच. जांभा सच्छिद्र, टांकीस चीर पडली कीं मैलापाणी विहिरीकडे झिरपावयाचें व सबंध कुटुंबाचें पिण्याचें पाणी नासावयाचें. ही दुरुस्ती उद्यांवर ढकलतां येत नाहीं. मग खर्च कोणीं सोसावा?

मे २०२१ मध्यें तौक्ते वादळानें या किनाऱ्यास झोडपलें. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून विमा नियामक प्राधिकरणाच्या आज्ञेनें ‘भारत गृहरक्षा’ हा विमा सुरू झाला होता. त्यांतील ‘घर’ या व्याख्येंत सेप्टिक टँकही येतो. वादळ, पूर वा दरड यांनीं तो मोडल्यास भरपाई मिळते. पाण्याची टांकी वा नळ फुटून झालेली हानिही त्यांत अंतर्भूत आहे. मात्र झीज, गंज व हळूहळू होणारा ऱ्हास यांचा भार कंपनी उचलीत नाहीं. विमा अकल्पित संकटाचा असतो, आपल्या आळसाचा नव्हे.

म्हणून मृगापूर्वीं टांकी तपासून घ्यावी. अपघात घडल्यास हानि वाढूं नये इतका बंदोबस्त करून छायाचित्रें घ्यावीं व तत्काळ कंपनीस कळवावें. आणि विमापत्र पेटींत कुलुपबंद न ठेवतां घरांतील सर्व वडीलधाऱ्यांसमक्ष एकदां वाचावें, इतकीच आमची विनंती.