ॲक्टियमचा दोषी कोण?

एखादे राज्य बुडाले की त्यामागे एखादी स्त्री शोधायची, ही खोड फार जुनी आहे. ॲक्टियमच्या आरमारी लढाईबद्दल आपण तेच वाचतो. ऐन लढाईत क्लिओपात्रा पळाली, तिच्या मोहाने आंधळा झालेला अँटनी मागोमाग धावला आणि रोमची सत्ता ऑक्टेव्हियनच्या हाती गेली! शेक्सपिअरचे नाटक असो की रोमचा इतिहास, आपल्या उत्तरपत्रिकांत हेच वाक्य उतरते. मला ते अन्यायाचे वाटते.

लढाई झाली इ. स. पूर्व ३१ मध्ये, २ सप्टेंबरला, ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर. पण तिचा निकाल आधीच लागत आला होता. ऑक्टेव्हियनचा सेनापती अग्रिप्पा याने मेथोनी हे ठाणे जिंकून अँटनीची समुद्रावरून येणारी रसद तोडली. आखातात कोंडलेल्या अँटनीच्या छावणीत उपासमार आणि रोगराई पसरली. डोमिशियस अहेनोबार्बससारखे मातब्बर साथीदार शत्रूला जाऊन मिळाले. वल्ही मारायला माणसे पुरेनात, तेव्हा अँटनीने आपलीच काही जहाजे जाळून टाकली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी जहाजे वल्ह्यांवर लढत. जड शिडे किनाऱ्यावर ठेवली जात. त्या दिवशी मात्र अँटनीने शिडे बरोबर घ्यायला लावली, असे खुद्द प्लूटार्क सांगतो. ज्याला तेथेच लढून जिंकायचे आहे, तो शिडांचे ओझे कशाला वाहील? कोंडी फोडून इजिप्त गाठायचे, असाच बेत असला पाहिजे. क्लिओपात्राची साठ जहाजे निसटली, अँटनीही निसटला. परंतु बहुतेक आरमार आणि सारे पायदळ मागे राहिले. सेनापती म्हणून अँटनीला दोष जरूर द्यावा. पण तो फसलेल्या मोहिमेचा, प्रेमाचा नव्हे.

मग प्रेमाचीच कथा का रुळली? युद्ध रोमनांचे रोमनांशी होते. ऑक्टेव्हियनने मात्र इ. स. पूर्व ३२ मध्ये ते एकट्या क्लिओपात्राविरुद्ध पुकारले. भाऊबंदकीवर परकीय राणीचे नाव घातले की आपल्याच माणसांच्या रक्ताचा डाग दिसत नाही. व्हर्जिल आणि होरेस यांनी जेत्याच्याच बाजूने लिहिले. प्लूटार्कने लेखणी उचलली तेव्हा शतकाहून अधिक काळ लोटला होता.

जेत्यांचा इतिहास वाचावा लागतो, याला इलाज नाही. पण उत्तर लिहिताना ‘जेते म्हणतात’ हे दोन शब्द तरी आपण घालू या. त्यासाठी गुण कापले गेले तरी बेहत्तर!