जयंतीची साफसफाई आणि पानांचा धूर

माघ सरत आला की कोरपन्यात कडुनिंब झडायला लागतो, मागोमाग पिंपळ. साग तर त्याच्या आधीपासूनच उघडा पडत असतो. सकाळी अंगण झाडले की दुपारी परत टोपलेभर पाने. खराट्याने कोपऱ्यात लोटायची आणि काडी लावायची, ही आपली जुनी सवय. मग एप्रिल येतो. चौदा तारखेच्या आधी गल्ली, नाल्या, विहाराचे आवार साफ होते आणि सगळ्यात मोठा ढीग पेटतो तो विहाराच्या मागे.

हे आम्ही दुसऱ्यांचे सांगत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका साफसफाईत खराटा आमच्याही हातात होता. ढिगात पिंपळाची पाने होती, सुकलेले हार होते, आणि थर्माकोलच्या पत्रावळ्या, खर्र्याच्या पन्न्या, पॉलिथिन हेही होते. दिवस मावळता काडी लावली. रात्री दहाच्या सुमारास शेजारच्या गल्लीतली एक आई तीन वर्षांचे लेकरू घेऊन दारात आली. छाती शिटीसारखी वाजत होती, बरगड्यांखाली खळगा पडत होता. मिनिटभर श्वास मोजले, अठ्ठावन्न भरले. १०८ ला फोन करून पुढे पाठवले. लेकरू वाचले. त्याला दम्याचा त्रास आधीपासून होता, म्हणून सगळे धुरानेच झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या रात्री त्याच्या घरात धूर भरला होता, आणि तो आम्ही लावलेल्या काडीचा होता. नर्सिंगचा डिप्लोमा भिंतीवर टांगून आम्ही त्या ढिगाजवळ उभ्या होतो.

पाने लाकडासारखी जळत नाहीत. ती एकावर एक दबलेली, आतून ओलसर असतात. हवा पुरत नाही, म्हणून ज्योत न होता रात्रभर धुमसतात. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि अडीच मायक्रॉनहून बारीक कण निघतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या पंचवीस-तीस पटींनी लहान. नाकातले केस त्यांना अडवत नाहीत, खोकला त्यांना बाहेर काढत नाही. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि काही रक्तातही उतरतात. त्यात संध्याकाळी आणि पहाटे हवा गार असते. धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि पत्रा व भिंत यांच्यामधल्या फटीतून घरात शिरतो.

यावर आम्हाला नेहमी एकच उत्तर मिळते: 'बाई, इकडे सिमेंटचे कारखाने, तिकडे कोळसा, आमच्या चार पानांनी काय होते?' प्रश्न रास्त आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ सालीच चंद्रपूरला अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत घातले होते. कारखान्यांच्या धुळीसाठी वेगळे भांडावे लागेल आणि ते भांडलेच पाहिजे. पण चिमणी उंच असते, लांब असते. पानांचा ढीग उंबऱ्यापासून दहा पावलांवर असतो. ज्या आजीने चाळीस वर्षे चूल फुंकली, ज्या भावाला टीबी होऊन गेला, जी सून पोटुशी आहे, त्यांच्या छातीत आधीच्या धुळीवर हा धूर बसतो.

आता सरकारी बाजू. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिले गेले की रस्ता झाडणाऱ्यांनी गोळा झालेली पाने जाळू नयेत, असे स्थानिक संस्थेने त्यांना बजवावे, आणि ती पाने वेगळी साठवून कचरा नेणाऱ्याच्या हवाली करावीत. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. दंड ठरला साधा कचरा जाळला तर ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००.

दंड हवाच, पण आमची भीती वेगळी आहे. पावती पहिल्यांदा कोणाच्या नावाने फाटेल? शेजारच्या एका गावात झाडूकाम करणारी बाई आम्हाला म्हणाली, 'ठेकेदार रस्ता साफ दिसतो का ते पाहतो, पाने कुठे गेली ते विचारत नाही.' तिच्याकडे ना हातगाडी, ना पोती, ना मास्क. सात वाजायच्या आत तीन गल्ल्या उरकायच्या. काडी लावण्याशिवाय तिने करावे काय? आणि त्या धुरात सगळ्यात जवळ तीच उभी असते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी खराटा आपल्याच हाती दिला, त्यांनी आता पाने न्यायला गाडीही द्यावी. झाडणाऱ्या बाईशी भांडून काही होणार नाही.

आपल्याकडून होण्यासारखेही आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी नाडेप खताची पद्धत शोधली. त्यांच्या नावावरूनच नाडेप. विटांचे जाळीदार टाके, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. पानांचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे भरत जायचे आणि वरून लिंपायचे. ओल टिकवली तर साडेतीन-चार महिन्यांत खत होते. सागाचे पान चिवट, ते आधी तुडवून बारीक करावे. पन्नी मात्र एकही आत जाऊ द्यायची नाही, हे काम पोरे फार मन लावून करतात. आजूबाजूला कापसाची शेती आहे, खताला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागणार नाही.

साप-विंचवाची भीती खरी आहे. म्हणून ढीग भिंतीला लागून नको, आणि पाने हाताने उचलायची नाहीत, फावड्याने पोत्यात भरायची. नालीत लोटलेली पाने तर सगळ्यात वाईट. पहिल्या पावसाला नाली तुंबते, पाणी साचते आणि डास होतात.

तोवर कुठे धूर झालाच, तर लेकराचे श्वास मोजायला शिका. लेकरू शांत असताना पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना. बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा लेकरू पीत नसेल तर सकाळची वाट पाहू नका, १०८ लावा.

यंदा महिला मंडळाच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवून टाका. जयंतीच्या साफसफाईत विहाराच्या आवारात काडी लागणार नाही. आणि फेब्रुवारी ते एप्रिल आठवड्यातून दोनदा फक्त पानांसाठी गाडी यावी, झाडणाऱ्यांना पोती व हातगाडी मिळावी, असा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या. अर्जाच्या दोन प्रती करा, खाली घरटी एक सही घ्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.