काम ८० टक्के झालं, मग शिवारात पाणी का नाही? टक्केवारीमागचं गणित समजून घ्या

'योजनेचं ८० टक्के काम पूर्ण.' अशी पोस्ट आली की खाली दोन प्रकारच्या कमेंट ठरलेल्या असतात. एक अभिनंदनाची, दुसरी 'आमच्या शिवारात तर थेंब नाही' अशी. गंमत म्हणजे दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

माढा तालुक्यात हा प्रश्न नेहमीचा आहे. भीमा नदीवरचं उजनी धरण याच तालुक्यात आहे. तरी उंचावरच्या गावांना त्याचं पाणी आपोआप मिळत नाही, ते पंपानं उचलावं लागतं. सीना-माढा उपसा सिंचन योजना त्यासाठीच आहे. उपसा योजना म्हणजे जॅकवेल, पंपगृह, मोठी जलवाहिनी, कालवा, वितरिका आणि वीज अशी साखळी. एक कडी राहिली तरी पाणी अडतं.

८० टक्के कसे येतात?

मोठ्या कामांचं वेळापत्रक अनेकदा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा प्रायमाव्हेरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये मांडलं जातं. त्यात 'उपसा योजना' ही मुख्य ओळ, म्हणजे समरी टास्क. तिच्या पोटात प्रत्यक्ष कामं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये मुख्य ओळीची टक्केवारी पोटकामांच्या दिवसांवरून निघते. सगळ्या पोटकामांच्या झालेल्या दिवसांची बेरीज करायची आणि तिला एकूण दिवसांच्या बेरजेनं भागायचं. पैसा, मजूर, कालव्याचे मीटर यांचा या भागाकाराशी संबंध नाही.

एक काल्पनिक योजना घेऊ. भूसंपादनाला ३०० दिवस, जॅकवेल-पंपगृहाला २००, कालव्याला १२०, वितरिकांना ६० आणि वीजजोडणीला २०. एकूण ७०० दिवस. पहिली दोन कामं पूर्ण झाली, कालवा निम्मा झाला, उरलेल्या दोन कामांना हातही लागलेला नाही. झालेले दिवस ३००, २०० आणि ६०, म्हणजे ५६०. सॉफ्टवेअर सांगतं : ८० टक्के.

आता हेच पैशानं मोजू. १०० कोटींपैकी भूसंपादनाचे १०, पंपगृहाचे ४०, कालव्याचे ३०, वितरिकांचे १५ आणि विजेचे ५ कोटी धरले, तर झालेलं काम ६५ टक्के. पाचही कामांना सारखं वजन देऊन सरासरी काढली तर ५० टक्के. आणि पंप सुरू व्हायला वीजच नाही, त्यामुळे पाणी शून्य टक्के. खोटं यातलं एकही नाही.

भूसंपादनासारखं कागदोपत्री पण लांबलचक काम मुख्य ओळ फुगवतं, तर २० दिवसांची वीजजोडणी तिच्यात दिसतही नाही. 'पंपाची चाचणी यशस्वी' असा शून्य दिवसांचा टप्पा, ज्याला माइलस्टोन म्हणतात, तो तर या हिशोबात धरलाच जात नाही. आणखी एक बाब फारशी कुणाला माहीत नसते. मुख्य ओळीवर कुणी थेट ८० असा आकडा टाकला, तर सॉफ्टवेअर तो खालच्या पोटकामांत वाटून देतं. मग जागेवर न झालेलं कामही वेळापत्रकात झालेलं दिसतं. मोजमाप करून भरायची 'प्रत्यक्ष भौतिक प्रगती' वेगळ्या रकान्यात असते. ती हातानं भरावी लागते, आणि ती भरली म्हणून वेळापत्रकातली टक्केवारी बदलत नाही.

टक्के कमीही होतात

महाराष्ट्रातल्या पाटबंधारे प्रकल्पांत 'सुप्रमा' हा शब्द सर्वपरिचित आहे : सुधारित प्रशासकीय मान्यता. वरच्या योजनेची किंमत १०० वरून १५० कोटी झाली, तर तेच ६५ कोटींचं काम एका दिवसात ४३ टक्क्यांवर येतं. कुणी काही पाडलेलं नसतं, फक्त भाजक वाढलेला असतो.

भाजकाचा हा वाद राज्यानं मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून दशकभरात सिंचनाची टक्केवारी जेमतेम ०.१ ने वाढल्याचा निष्कर्ष काढला गेला. खर्च सुमारे ७० हजार कोटींचा सांगितला जात होता. नोव्हेंबर २०१२ मधल्या जलसंपदा विभागाच्या श्वेतपत्रिकेनं मात्र वाढ ५.१७ टक्के दाखवली. पाटबंधारे खात्याच्या भाषेत 'निर्मित सिंचन क्षमता' आणि 'प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र' हे दोन वेगळे रकाने आहेत. कालवा झाला की पहिला भरतो. दुसरा पाणी पोहोचल्यावरच.

नेमकं काय विचारायचं?

'किती टक्के काम झालं?' या प्रश्नाला उत्तर म्हणून पुन्हा एक आकडाच मिळतो. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, आणि उत्तराची मुदत साधारण ३० दिवसांची आहे. त्यात प्रत्येक पोटकामाचे नियोजित आणि झालेले दिवस, मंजूर रक्कम, मोजमाप पुस्तिकेत नोंदलेलं काम आणि ताजी सुप्रमा मागता येते. उपसा योजना असेल, तर वीजजोडणीची ओळ सगळ्यात आधी पाहावी.