बोट विकू नका, किनाऱ्यावरचा दिवस विका

कोकणात होमस्टे काढून फॅमिलीसाठी मासेमारीची सहल ठेवायचा विचार करताय? मग खराब हवामानाचा हिशोब पहिल्याच दिवशी करा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, हे माहीतच आहे. पण समुद्र सीझनमध्येही खवळतो. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत क्यार वादळ आलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बोट सोडायची नाही. विषय संपला. पण गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्या लांबून आलोय, पोरांना जरा फिरवून तरी आणा." सगळ्याचा मिळून एकच रेट घेतला असेल, तर इथेच भांडण होतं. आणि भांडण नको म्हणून बोट सुटते.

म्हणून रेट दोन भागांत लिहा. समजा, राहणं-जेवण ६,००० आणि बोट २,०००. बोट रद्द, तर २,००० परत. हे बुकिंगलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. तांडेलालाही न गेलेल्या दिवसाचे थोडे पैसे ठरवून द्या. रोज बुडतोय म्हणून त्याने धोका पत्करायला नको.

मग पडवीत दिवस रंगवा. गळ बांधणं, जाळं विणणं, बांगडा साफ करणं पोरांना शिकवा. दुपारी तिरफळ घातलेलं तिखलं वाढा.

माझं मत स्पष्ट आहे: "आज बोट नाही" म्हणणं ज्याला परवडत नाही, त्याने हा धंदा सुरूच करू नये.