शिकलेल्या हाताला तेल लागले तर

मुलगा इंजिनिअर होऊन कारखान्यात लागला की आपल्याकडे पेढे वाटले जातात. महिन्याभरात तो तेलकट कपड्यांनी घरी येऊ लागला की घरचेच म्हणतात, "एवढे शिकून हेच करायचे होते, तर आपले दुकान काय वाईट होते?" आणि मुलगा गल्ल्यावर येऊन बसतो. हे आम्हांला पटत नाही.

आपल्याच भागात पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते; पुढे लोखंडी नांगर घडवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. मिरजेचे शिकलगार हत्यारांचे काम सोडून सतारी घडवू लागले. त्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उस्तादापाशी बसल्याशिवाय सतार जमत नाही, हे आपण जाणतो. मग कारखान्यातले पहिले वर्ष अपमानाचे कसे? ड्रॉइंग कॉलेजात वाचता येते. कास्टिंग का फुटले, हे जुना ऑपरेटरच दाखवतो.

मात्र डोळे उघडे ठेवावेत. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली पदवीधराला विद्यावेतन मिळते, पण तो कायद्याने कामगार ठरत नाही आणि पुढच्या नोकरीची हमी नसते. हाती नुसते 'ट्रेनी' म्हणून पत्र दिले, तर करार या कायद्याखाली नोंदवला आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. वर्ष संपल्यावर प्रमाणपत्र मागून घ्यावे. मग मुलगा घरच्या धंद्यात परतला, तरी रिकाम्या हाताने येणार नाही.